बदकं यंदा उशिरा आली

रेनेल माझ्या बहिणीची मुलगी. बहीण लवकर गेली, म्हणून माझीच म्हटली तरी चालेल. अजिजाक बे या गावात आमची साठ-पासष्ट घरं. त्यातलं शेवटचं आमचं, जिथं रस्ता संपतो आणि तळं सुरू होतं. तिथं आम्ही तिघं राहायचो: मी, रेनेल आणि माझे वडील अल्फोन्स कोपेनेस. सगळं गाव त्यांना आबा म्हणतं, मीही म्हणते. तळ्यात आपोआप येणारा जो भात, मनोमिन, तो झोडपायला कधी जायचं हे आबा ठरवतात. "तळं उघडलं," असं ते म्हणेपर्यंत कोणी होडी पाण्यात घालत नाही. मग भले भात गळून पडायला लागो.

आमच्यात एकूणच बोलणं कमी. त्यातही रेनेल म्हणजे कहर. लहानपणी तिला शाळेच्या गाडीत बसवून द्यायची, तर गाडीवाला मला विचारायचा, "व्हर्ना, पोरगी आली का गाडीत? दिसत नाही, ऐकू पण येत नाही." पण डोकं चालायचं तिचं. पुढं थंडर बे शहरात शिकायला गेली, सरकारी धोरण का काय ते. तिसऱ्या वर्षी पत्र आलं. सोळा आठवडे ओटावाला, शेतीच्या एका कचेरीत कामाचा अनुभव घ्यायचा, त्याचे कॉलेजात गुण मिळणार. तिथल्या तिच्या कक्षाचं नाव होतं 'मूळनिवासी सहभाग कक्ष'. शेतीत आमच्यासारख्यांना सामावून कसं घ्यावं, यावर तिथं कागद तयार व्हायचे.

जायच्या आदल्या दिवशी आबा मासा सोलत बसले होते. म्हणाले, "शेतीच्या हापिसात? आपल्यात शेती कोण करतंय गं?"

"तेच शोधायला बोलावलंय, आबा."

"आसं. मग एक काम कर. सरकारनं आपल्याशी करार केला तवा दहा घरांमागं एक नांगर कबूल केलता. जमीन दिली सगळी खडकाची. तो नांगर कुठं घालायचा व्हता, तेवढं इचारून ये."

रेनेल हसली. तिचं हसणं म्हणजे खांदे हलतात, आवाज नाही. आबा पण हसले. त्या दोघांचं असंच चालायचं. मी मधे भाषांतर करायला असायची, पण माझी गरज कधी पडली नाही.

ओटावाला तिनं एका घराच्या तळघरात खोली घेतली. कचेरी आठव्या मजल्यावर. मला वाटलं होतं, एवढी मोठी इमारत, माणसांची रीघ असेल. तर कसलं काय. सगळे घरूनच काम करायचे. कक्षात चार माणसं, ती चौघं चार दिशांना, आपापल्या स्वयंपाकघरात. ही एकटी रोज बस पकडून कचेरीत जायची, कारण तळघरात दिवस उजाडल्याचं तिला कळत नव्हतं. मजल्यावर शे-सव्वाशे टेबलं, सगळी रिकामी. कुठलंही टेबल कोणाचं नाही. सकाळी संगणकावर टेबल मागायचं, संध्याकाळी सोडून द्यायचं. तिनं पहिल्या आठवड्यात आबांचा एक फोटो टेबलावर ठेवला होता, तर दुसऱ्या दिवशी तो 'सापडलेल्या वस्तू'च्या पेटीत गेला होता.

तिथले दिवे माणूस हलला की लागतात आणि हालचाल नसली की विझतात. ही आपली स्थिर बसून वाचायची. वाचता वाचता अंधार व्हायचा. मग हात वर करून हलवायचा, एखाद्या लांबच्या होडीला खूण करावी तसा, की दिवे पुन्हा लागायचे. हे तिनं मला गंमत म्हणून सांगितलं. मी हसले. फोन ठेवल्यावर मात्र मला ते कसंतरीच वाटलं. आमच्याकडं तास-तास हालचाल न करता बसणारी पोरगी म्हणजे चांगली पोरगी. बदक टिपायला तिलाच नेतात.

दर रविवारी दुपारी तिचा फोन. आधी माझ्याशी, मग आबांशी. आबांशी म्हणजे काय, दोघं फोन कानाला लावून बसायचे. मधेच आबा म्हणायचे, "पानं वर आली." मग बराच वेळ काही नाही. मग, "पाणी बरं हाय." बस. एवढ्या फोननं तिचा आठवडा जायचा, असं ती म्हणायची.

तिची साहेबीण जोसी लाव्हर्दिएर म्हणून. पन्नाशीची, चांगली बाई, हे मी आधीच सांगून ठेवते, नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही तिला शिव्या घालाल. जोसीबाई रोज सकाळी पडद्यावर येऊन विचारायची, "रेनेल, जेवलीस का? झोप झाली का?" प्रत्येक बैठकीच्या सुरुवातीला 'ही जमीन मूळ कोणाची' ते चार ओळींचं वाचायचं असतं, ते ती रेनेललाच वाचायला द्यायची. रेनेलला ते आवडत नव्हतं. ती जमीन आमची नव्हेच, आमच्यापासून दोन दिवसांच्या वाटेवरच्या लोकांची. पण हिनं सांगितलं नाही. वाचत राहिली.

आता काम काय होतं ते सांगते. सरकारच्या लेखी शेत म्हणजे नांगरलेलं, पेरलेलं. तळ्यातला भात त्यात बसत नव्हता. जोसीबाईच्या मनात आलं, तो बसवायचा. एकदा पीक म्हणून नोंद झाली की मदत देता येईल, यंत्राची होडी देता येईल, तळ्याच्या तोंडाशी छोटा बांध घालून पाणी हवं तेवढं ठेवता येईल. सुरुवातीला एकाच तळ्यावर करून बघायचं. कोणती तळी घ्यावीत याची यादी रेनेलनं केली, आणि त्या यादीत तिनं आमचं तळं घातलं.

"कशाला गं घातलंस?" मी नंतर विचारलं.

"तिथं बसून दिवसभर दुसऱ्यांचीच नावं टाइप करत होते, मावशी. आपल्या तळ्याचं नाव पडद्यावर बघावंसं वाटलं."

त्यात काय चूक काढणार?

बांधाचं आम्हाला कोणी शिकवायला नको. आबांच्या लहानपणी खालच्या नदीवर धरण झालं, तेव्हा आमची दोन तळी गेली. जूनमध्ये भाताची पानं पाण्यावर आडवी पसरलेली असतात, केसांसारखी. तेव्हा हातभर पाणी चढलं की मुळं सुटतात, आणि एकदा गेलेला भात परत येत नाही. त्या दोन तळ्यांत आता नुसता गाळ आहे. आबा तिकडं कधी होडी नेत नाहीत.

जूनमध्ये बैठक झाली. आम्ही गावच्या सभागृहात, ते पडद्यावर. मी चहा केला, बॅनक म्हणजे आमची जाड रोटी भाजली. बारा जण होते. जोसीबाईनं पाऊण तास समजावून सांगितलं, चित्रं दाखवली. एका चित्रात बांध होता, त्यावर एक हसरी बाई उभी होती, का ते माहीत नाही. रेनेल कोपऱ्यातल्या चौकोनात दिसत होती, लिहून घेत होती. ती बारीक झाल्यासारखी वाटली मला.

शेवटी जोसीबाई म्हणाली, "तर मंडळी, काही शंका? कोणाची काही हरकत?"

सभागृहात कोणी बोललं नाही. घड्याळ बघायची सवय नाही आमच्यात, पण चहाची किटली पुन्हा उकळून झाली एवढा वेळ गेला. आबांकडं कोणीच बघत नव्हतं, म्हणजे तुम्हाला कळेल, सगळ्यांचं लक्ष त्यांच्याकडंच होतं. आबा खिडकीतून बाहेर बघत होते. मग म्हणाले, "बदकं यंदा उशिरा आली."

समोरच्या बाकावरचा क्लिफर्ड म्हातारा म्हणाला, "व्हय. वारा उत्तरंचा व्हता."

आणि आबा उठून चहा घ्यायला गेले.

माझं वय सत्तेचाळीस. एवढ्या वर्षांत एवढा सपाट नकार मी ऐकला नव्हता. पाहुणा दारात आला, त्यानं काही पुढं केलं आणि आपल्याला ते नको असलं, तर त्याच्या तोंडावर नाही म्हणायचं नसतं. त्याची शोभा होते. आपण गप्प बसायचं, मग हवेचं बोलायचं, त्याला चहा द्यायचा. तो समजतो आणि आपला मान राखून परत जातो. मला तर जोसीबाईची दयाच आली. मनात म्हटलं, बिचारी, एवढी चित्रं काढून आणली होती.

तिनं मात्र हसून विचारलं, "रेनेल, तुला काही सांगायचंय?"

रेनेलनं मान खाली घातली. तीही काही बोलली नाही. म्हणजे तिचाही नकारच. इथं बसलेल्या बाराही जणांना कळलं, आणि आम्हाला पोरीचा अभिमान वाटला.

बैठकीचा वृत्तांत रेनेललाच लिहायचा होता. तिनं घडलं तसं लिहिलं. 'हरकतीबद्दल विचारल्यावर कोणीही बोलले नाही. ज्येष्ठ अल्फोन्स कोपेनेस म्हणाले, बदकं यंदा उशिरा आली.' तिच्या मते तिनं पांढऱ्यावर काळं करून दिलं होतं. आमच्यापैकी कोणीही वाचलं असतं, तर म्हणालं असतं, अरे बापरे, एवढं स्पष्ट कशाला लिहायचं.

जोसीबाईनं वाचलं. म्हणाली, "सुरेख लिहिलंस. मी आधी म्हटलं, बदकांचं काढून टाकावं. पण राहू दे. स्थानिक रंग येतो."

बदकांचं राहू दे म्हणाली, म्हणजे बाईला समजलं, असं रेनेलला वाटलं. त्या रविवारी फोनवर तिचा आवाज मोकळा होता. "झालं, आबा," म्हणाली. आबा म्हणाले, "हं." दोघांनाही वाटलं, विषय संपला.

जुलैच्या मध्यावर तीन माणसं आली. अंगात पिवळी जाकिटं, हातात नारिंगी रंगवलेल्या खुंट्या. तळ्याच्या तोंडाशी, जिथं बांध येणार होता, तिथं ठोकायला लागली. आबा काठावर गेले, मी मागोमाग. आबांनी काही विचारलं नाही, नुसते उभे राहिले. त्यातला एक तरणा माणूस अवघडला आणि म्हणाला, "काका, परवानगी आहे आमच्याकडे, हे बघा." कागद दिला. आबांनी खिशातून चष्मा काढला. तिथं लिहिलं होतं, 'स्थानिक समाजाने कोणतीही हरकत घेतलेली नाही.' आणि खाली, 'नोंद: आर. कोपेनेस.'

आबांनी दोनदा वाचलं. कागदाची घडी होती तशी केली, परत दिला. त्या माणसाला म्हणाले, "डास लई हायत हितं. धुरात बसा." आणि घरी आले.

त्या रविवारी फोन वाजला. माझ्याशी बोलणं झाल्यावर रेनेल म्हणाली, "आबांना दे." मी फोन पुढं केला. आबा टेबलापलीकडं बसले होते. ते खिडकीकडं बघत राहिले.

मी म्हटलं, "आबा बाहेर गेलेत गं. जाळं बघायला."

"बरं," ती म्हणाली.

पुढच्या रविवारी आबा क्लिफर्डकडं गेले होते, म्हणजे खुर्चीतच होते. त्याच्या पुढच्या रविवारी मी तोंड उघडायच्या आत रेनेल म्हणाली, "मावशी, आबा समोरच बसलेत ना?"

मी काय बोलणार? गप्प राहिले. तिला उत्तर मिळालं.

कुठल्याही शहरात कोणाही पोरीला घरचे लोक रागावतात, ओरडतात, फोन आपटतात. ती रडते, मग कोणीतरी हसतं, होऊन जातं. आमच्यात असं नाही. आमच्यात माणूस तुमच्याशी बोलायचं थांबतो आणि त्याचा अर्थ तुम्हाला पुरता ठाऊक असतो. दोन हजार किलोमीटरवर, तळघरात, कानाला फोन लावून ती पोरगी आबांचा नकार ऐकत होती. बांधाला दिला होता तोच, आता तिला.

"काय झालंय ते तू तरी सांग," ती म्हणाली. आवाज अगदी बारीक. मग मी खुंट्यांचं सांगितलं. कागदाचं सांगितलं. खालच्या नावाचं सांगितलं.

तिच्या खोलीतल्या फ्रिजची घरघर तेवढी ऐकू येत होती.

सोमवारी ती जोसीबाईपुढं बसली. बाई त्या दिवशी नेमकी कचेरीत आली होती. हे सगळं रेनेलनं मला नंतर सांगितलं, शब्दन् शब्द. वडीलधाऱ्या बाईला, जिनं रोज जेवलीस का विचारलं, तिला तोंडावर सांगायचं की तुझं चुकलं. माझ्यानं नसतं झालं. तिनं म्हणे बसमध्ये चार वेळा मनात म्हणून पाहिलं होतं.

"मॅडम, आमच्या लोकांना बांध नकोय."

"कधी ठरलं हे?"

"जूनमध्ये. बैठकीत."

जोसीबाईनं वृत्तांत काढला, चष्मा वर-खाली करत वाचला. "पण इथं तर कोणीच काही बोललं नाही."

"तेच."

"तेच म्हणजे?"

"कोणी बोललं नाही म्हणजे नको. आणि आबा बदकांचं बोलले, म्हणजे अजिबात नको."

बाईनं वृत्तांत खाली ठेवला म्हणे. "अगं मग तू का नाही सांगितलंस मला? मी तुला विचारलं होतं, सगळ्यांसमोर."

"मी सांगितलं होतं," रेनेल म्हणाली. "मी पण गप्प होते."

जोसीबाईनं कपाळाला हात लावला. वाईट बाई नव्हे ती. मग म्हणाली, "हे बघ पोरी. फाइल शुक्रवारी दुपारी बाराला वर जाते. वर गेली की माझ्या हातात राहत नाही. त्याआधी गावाकडून लेखी नकार आला तर मी थांबवू शकते. तुझ्या सहीचा चालणार नाही, तू इथली आहेस. आणि 'नको' हा शब्द त्यात पाहिजे. बदकं नकोत."

लेखी नकार म्हणजे आबांचा. तळ्याबद्दल दुसरं कोणी बोलणार नाही आमच्यात. आणि मोठ्या माणसाकडं काही मागायचं तर ते फोनवर मागता येत नाही. तंबाखू पुढं ठेवावी लागते, समोर बसून. त्यांनी उचलली की काम त्यांचं झालं. नाही उचलली तर उठायचं, पुन्हा विचारायचं नाही.

तिनं तीन दिवसांची रजा टाकली. मंगळवारी विमानानं विनिपेगला आली, मी ट्रक घेऊन तीन तासांवर आणायला गेले. बुधवारी सकाळी आबा चहा घेत होते. तिनं लाल फडक्यात बांधलेली तंबाखू टेबलावर, त्यांच्या कपाशेजारी ठेवली.

"आबा, त्यांना शब्दांत सांगा. कागदावर."

आबा म्हणाले, "म्या सांगितलं हाय येकदा."

तीन आठवड्यांनी ते तिच्याशी बोलले. मला बरं वाटलं, पण थोडाच वेळ.

"त्यांना कळलं नाही, आबा."

"तुला कळलं व्हतं?"

"हो."

"मग?"

"मी लिहिलं होतं."

"काय लिवलंस?"

तिनं मान खाली घातली. "बदकं."

आबांच्या मिशीखाली काहीतरी हललं. क्षणभर मला वाटलं, हसतात की काय. पण ते लगेच विझलं. म्हणाले, "पावण्याच्या तोंडावर न्हाई म्हणू? म्या काय पोलीस हाय व्हय? माझ्या बापानं धरणवाल्यांना न्हाई म्हटलं न्हाई कधी."

"म्हणून ती दोन तळी गेली, आबा," रेनेल म्हणाली.

असं कोणी आबांना बोललेलं मी जन्मात ऐकलं नव्हतं. चुलीवरचा तवा मी उगाचच पुसायला घेतला. आबांनी कप उचलला, ठेवला. टोपी घातली आणि बाहेर पडले. तंबाखू तशीच टेबलावर.

दिवसभर ती पुडी तिथं होती. आम्ही तिच्या कडेनं जेवलो. रेनेल संध्याकाळी काठावर जाऊन बसली. भात वर आला होता, हिरवा-जांभळा, वाऱ्यानं वाकत होता. मी दारातून बघत होते. आबा होडीच्या घराशी दोर वळत बसले होते, तिच्यापासून तीस पावलांवर. दोघांची पाठ एकमेकांकडं.

गुरुवारी उजाडल्याबरोबर आम्ही निघालो. पुडी टेबलावरच. विमानतळावर उतरताना रेनेल म्हणाली, "मी तसं बोलायला नको होतं."

मी म्हटलं, "हं." आता वाटतं, त्यापेक्षा जास्त बोलायला हवं होतं.

शुक्रवारी मी गावच्या कचेरीत फोनवर बसले होते. माझी नोकरीच ती. साडेदहाला आबा आले. अंगात चांगला शर्ट, लग्नामयताला घालतात तो. समोरच्या खुर्चीत बसले.

"लिव्ह," म्हणाले.

मी कागद ओढला.

"'आमी जूनमदीच न्हाई म्हटलं हाय. बांध नको.' खाली माझं नाव."

"आणखी काही, आबा?"

"आनखी काय? हेच लई उद्धट झालं." सही केली. मग म्हणाले, "त्या बाईला वाईट वाटंल."

त्यांच्या शर्टाच्या खिशातून लाल फडक्याचं टोक बाहेर आलेलं मी पाहिलं. ते नीट आत सरकवून ते निघून गेले. आमच्या घड्याळात पावणेअकरा, ओटावाला पावणेबारा. कागद पाठवताना माझ्या यंत्रानं दोनदा दगा दिला, पण गेला.

तिकडं तो रेनेलच्याच पडद्यावर आला, कारण आलेले कागद नोंदवायचं काम तिचं. तिला आबांनी तंबाखू उचलल्याचं माहीत नव्हतं. ती म्हणाली, वाचून झाल्याबरोबर नोंद केली. आणि ती इतका वेळ बसून राहिली की दिवे गेले.

फाइल थांबली. आठवड्यात तीच तीन माणसं येऊन खुंट्या उपटून घेऊन गेली. तळं राहिलं. आबा मात्र रविवारी फोनवर आले नाहीत. तंबाखू उचलली म्हणजे काम केलं. नातवंड तोंडावर बोललं, तो हिशोब वेगळा.

ऑगस्टच्या शेवटी तिचे सोळा आठवडे भरले. आबांनी तळं उघडलं त्यानंतर चार दिवसांनी ती बसनं आली. काठावर सगळं गाव होतं, भाजणं-मळणं चाललेलं. तिला बघून क्लिफर्ड म्हातारा ओरडला, "आलं, सरकार आलं. उठा रे, बसायला द्या."

"सरकार, बांध कुठं घालू म्हणता?"

"दमानं बोला, लिवून घील ती."

सगळे हसले. आमच्यात चिडवतात म्हणजे माणसाला आत घेतलेलं असतं. तीही हसली, खांदे हलवून. होडीत मात्र जागा नव्हती. जोड्या ठरून गेल्या होत्या. एक जण बांबूनं होडी रेटतो, दुसरा काठ्यांनी भात झोडपतो, आणि आबांसमोर, रेनेलच्या जागी, यंदा क्लिफर्डची सून बसली होती. रेनेलनं काही न विचारता कढईजवळचा लाकडी चाटू घेतला आणि भात भाजायला उभी राहिली. भाजणारा तसा सगळ्यांपासून लांबच असतो, धुरामुळं.

दुपारी मी तिच्याजवळ सूप घेऊन बसले, तेव्हा तिनं शेवटच्या दिवसाचं सांगितलं. जोसीबाईनं तिला मुद्दाम जेवायला नेलं होतं. म्हणाली, "रेनेल, शिक्षण संपलं की इथंच ये. कायमची. आमच्यात कोणालाच न बोललेलं ऐकू येत नाही. तुला येतं. येशील?"

"मग?"

"मी विचार करत होते, मावशी. घर, तळघर, आबा, सगळंच एकदम डोक्यात आलं. म्हणून गप्प राहिले. जरा वेळ गेला असेल. तर तिनं माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाली, 'कळलं मला. नको ना? आता शिकले मी.' आणि बिल मागवलं."

मला हसू फुटलं. अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मग पाहिलं तर ती हसत नव्हती.

"अगं मग सांगायचंस ना, की तसं नाही म्हणून."

"एवढी शिकली होती बिचारी. तिला कसं सांगू?"

"तुला हवी होती का पण ती नोकरी?"

ती भात हलवत राहिली. मी वाट पाहिली. सत्तेचाळीस वर्षं मी या माणसांत राहिले आहे, आबांचं गप्प बसणं मला लांबून ओळखू येतं. तिचं त्या वेळचं मला ओळखता आलं नाही.

एवढ्यात आबा ओलं पोतं खांद्यावर घेऊन आले. ते खाली टाकलं. कढईतून दोन दाणे उचलले, दाताखाली फोडले.

"आजून जरा," म्हणाले.

"हो, आबा."

जुलैपासून, ती तंबाखूची सकाळ सोडली, तर आबा तिच्याशी तेवढंच बोलले. आबा पुन्हा होडीकडं गेले. तिनं जाळ थोडा पुढं ओढला. मी सुपात भात घेऊन पाखडायला लागले. वारा माझ्या पाठीमागून होता, सगळा कोंडा तिच्या केसांवर, पापण्यांवर जाऊन बसत होता. मला वाटलं, सरकेल, किंवा म्हणेल तरी. ती सरकली नाही. चाटू हळूहळू फिरत राहिला.